लिहून घेणारे

‘गीता प्रवचने’ आमच्याकडच्या बहुतेक जुन्या घरांत सापडतं. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, पंचांग आणि हरिपाठाच्या पोथीला टेकून, कडा पिवळ्या पडलेलं. कव्हरवर नाव विनोबांचं, आणि ते रास्तच आहे. पण विनोबा हे पुस्तक लिहायला बसले नव्हते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी ते सोबतच्या कैद्यांपुढे एकेका अध्यायावर बोलत, आणि समोर बसलेला बत्तीस वर्षांचा एक माजी शाळामास्तर ते उतरवून घेई. ते मास्तर म्हणजे साने गुरुजी.

पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारीचं, अठरावं १९ जूनचं. मधला एकही रविवार चुकलेला नाही. धुळ्यात राहणाऱ्याला या तारखांकडे पाहूनच घाम फुटेल. शिमगा झाला की इथे ऊन चावायला लागतं, आणि वैशाखात दुपारी बारानंतर कुत्रंही सावली सोडत नाही. अशा दिवसांत दगडी भिंतींच्या आत, दळणाची सक्तमजुरी करून दमलेल्या माणसांसमोर एकजण बोलतो आणि दुसरा मान खाली घालून लिहीत राहतो. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाज यांच्यासारखा धनिक होता, तशीच अक्षरओळख नसलेली माणसंही होती. विनोबांची उदाहरणं घरातली, शेतातली का येतात याचं उत्तर तिथे आहे. समोर पंडितसभा असती तर त्याच गीतेवर ते वेगळं बोलले असते. बोलणारा एकटा बोलत नसतो. ऐकणारे त्याच्याकडून काही बोलवून घेत असतात.

त्या वेळचे साने गुरुजी म्हणजे आज आपल्याला ठाऊक असलेले साने गुरुजी नव्हेत. ‘श्यामची आई’ अजून लिहून व्हायची होती. ती पुढच्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ अशा पाच दिवसांत उतरली. धुळ्यात ते केवळ अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली नोकरी १९३० साली सोडून सत्याग्रहात उतरलेले शिक्षक होते. मात्र त्यांच्याकडे शब्दांची कमतरता कधीच नव्हती. अमळनेरच्या वसतिगृहात ते मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ नावाचं हस्तलिखित रोजचं पत्र काढत. मुलांच्या कंदिलाच्या काचा पुसणं, त्यांचे पसरलेले कपडे घड्या घालून ठेवणं ही कामं उरकून त्या पत्राचे कागद भरायचे. ज्याच्या आत इतकं साचलेलं आहे, त्याने ते बाजूला ठेवून दुसऱ्याचं उतरवत बसावं, ही गोष्ट मला साधी वाटत नाही. लेखक मंडळींशी माझा थोडाफार संबंध आहे, म्हणून सांगतो: लेखक बहुधा वाईट श्रोते असतात. समोरचा बोलत असताना त्यांच्या डोक्यात स्वतःचं पुढचं वाक्य तयार होत असतं.

मोठ्या कामाला वाहून घेतलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण एक ठरावीक भाषा वापरतो. तो स्वतःला विसरला, त्याने स्वतःला झोकून दिलं, त्याचं ‘मी’पण गळून पडलं. शोकसभेत हे हमखास ऐकू येतं. मला ते फारसं खरं वाटत नाही, आणि तशी शंका मला ‘गीता प्रवचने’मुळेच पहिल्यांदा आली. विनोबांनी स्वतः लिहिलेलं गद्य, समजा ‘मधुकर’मधले निबंध, आणि ही प्रवचनं शेजारी ठेवून वाचावीत. विचार एकाच माणसाचा आहे, हे कुणीही ओळखेल. पण निबंधांत गणिती विनोबा दिसतात: थोडके, काटेकोर, कधीकधी कोरडे. प्रवचनांत ओल आहे. वाक्यं जरा रेंगाळतात, माणसाच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखी बोलतात. यातलं किती समोरच्या कैद्यांमुळे आणि किती लेखणीमुळे, याचा हिशेब मांडता येणार नाही. विनोबांनी मजकूर नंतर पाहिला, सुधारला, आणि गुरुजींचं श्रेयही मोकळेपणाने मान्य केलं. तरी माझ्या कानाला त्यात दोन आवाज ऐकू येतात. गुरुजी स्वतःला पुसून तिथे बसले असते, तर हा दुसरा आवाज कुठून आला असता?

एक जुनी आठवण इथे सांगावीशी वाटते. मी नववीत असताना दहावीच्या एका अंध मुलाचा ‘रायटर’ म्हणून बोर्डाच्या परीक्षेला बसलो होतो. उमेदवारापेक्षा खालच्या वर्गातला मुलगाच रायटर लागतो, म्हणून मास्तरांनी मला पुढे केलं; अक्षर बरं होतं एवढीच माझी लायकी. वेगळी खोली, एक पर्यवेक्षक, आणि आम्ही दोघं. मी समजत होतो की आपण नुसता हात. तो बोलेल, आपण लिहू. पहिल्या पेपरच्या पहिल्या पानावरच कळलं की नुसता हात होऊन भागत नाही. त्याचं वाक्य कुठे संपलं, हे त्याच्या श्वासावरून ओळखावं लागे. त्याने ‘नवीन’ म्हटलं की नवा परिच्छेद की नवा मुद्दा, हे चेहऱ्यावरून समजून घ्यावं लागे. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे इतिहासाच्या पेपरात तो एक सनावळी सांगत गेला, ती मला चुकीची वाटत होती, आणि तरी मला ती तशीच लिहायची होती. हात अडखळला की त्याला ते लगेच कळे. एकदा तो अगदी शांतपणे म्हणाला, “तू पुढे पळू नको. मला माझं ऐकू येत नाही.”

त्या वयात त्या वाक्याचा पुरता अर्थ लागला नाही. आज वाटतं, दुसऱ्याचं लिहून घेण्याची सगळी विद्या त्यात आली. मागे पडायचं नाही, पुढे पळायचं नाही, आणि आपलं शहाणपण जागं ठेवूनही मध्ये आणायचं नाही. त्या तीन तासांत मी जेवढा सावध होतो तेवढा स्वतःच्या परीक्षेत कधी नव्हतो. आणि कसं कोण जाणे, त्या पेपरनंतर जो थकवा आला तो मला आवडला होता.

विनोबांनी १३ मार्चच्या रविवारी चौथ्या अध्यायावर बोलताना नेमका हाच धागा धरला आहे, असं मी माझ्यापुरतं मानतो. गीतेत कर्म, विकर्म आणि अकर्म असे तीन शब्द येतात. बहुतेक टीकाकार विकर्माचा अर्थ वाईट, निषिद्ध कर्म असा लावतात. विनोबांनी तो वेगळा लावला. हातांनी चाललेलं ते कर्म, त्याच्या जोडीला आत चाललेलं मनाचं काम ते विकर्म, आणि दोन्ही जुळली की कर्माचं ओझं उरत नाही, ते अकर्म. पंडितांना हा अर्थ पटो न पटो. संस्कृतच्या एका प्राध्यापकांनी माझ्यासमोर त्यावर बराच वेळ नाक मुरडलं होतं. पण हे ज्या क्षणी बोललं जात होतं, त्या क्षणी समोर एक हात चालू होता आणि त्या हातामागे एक मन चालू होतं. विनोबा सांगत होते ते गुरुजी तिथल्या तिथे करत होते. याहून नेमका दृष्टांत त्या तुरुंगात दुसरा नसेल, आणि तो पुस्तकात नाही.

त्याच वर्षी, विनोबा धुळ्याच्या तुरुंगात असतानाच, ‘गीताई’ची पहिली आवृत्ती निघाली. तिचं मूळही कुणाच्या तरी मागणीत आहे. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता समजत नव्हती. मला समजेल अशी मराठी गीता तूच का करत नाहीस, असं तिने मुलाला विचारलं होतं. ती १९१८ साली गेली. मुलाने ते काम १९३० च्या ऑक्टोबरात हाती घेतलं आणि पुढच्या फेब्रुवारीत संपवलं. म्हणजे जिच्यासाठी पुस्तक झालं, तिने ते पाहिलंच नाही.

आईचं ऐकणाऱ्या मुलाची आमच्याकडची दुसरी गोष्ट जळगावची आहे, आणि ती उलट्या दिशेने जाते. तिथे आई बोलते आणि मुलगा लिहून घेतो.

बहिणाबाई चौधरी असोद्याच्या लेकी, जळगावच्या सुना. जन्म १८८० चा. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, आणि आयुष्यभर शेत, घर, जातं. अक्षर एकही येत नव्हतं. दळताना, निंदताना, चुलीपुढे बसल्या बसल्या त्यांच्या तोंडून ओळी येत, आणि मुलगा सोपानदेव व त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी त्या जमतील तशा टिपून ठेवत. ‘जमतील तशा’ हे शब्द मला फार बोचतात. कारण त्यात निसटलेल्या ओळी आहेत. कुणी जवळ नसताना म्हटलेल्या, हातात पेन्सिल नव्हती तेव्हाच्या, गायीला पाणी दाखवताना येऊन गेलेल्या. १९५१ च्या ३ डिसेंबरला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांना त्याक्षणी कळलं की आपल्यासमोर अस्सल सोनं आहे. १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं, त्यात अवघ्या ३५ कविता होत्या. आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे आणि महाराष्ट्रातल्या शाळेत गेलेल्या प्रत्येकाने त्यांच्या ओळी कधी ना कधी पाठ केल्या आहेत.

मला मात्र सोपानदेवांचं कुतूहल जास्त. ते स्वतः कवी होते, त्यांच्या काळात नाव असलेले. ‘काव्यकेतकी’, ‘अनुपमा’ हे त्यांचे संग्रह. शिकलेले, छंद-वृत्तं जाणणारे, सभांमधून कविता म्हणणारे. आणि घरात न शिकलेली आई जात्यावर बसून असं काही म्हणतेय की ते ऐकताना या कवीच्या मनात काय चाललं असेल? हेवा वाटला असेल का? वाटला असेल तर मी त्याला दोष देणार नाही. पण त्याने वही फाडली नाही, ओळी ‘सुधारल्या’ नाहीत, लेवा गणबोलीतले शब्द पुण्याच्या मराठीत धुऊन काढले नाहीत. हे त्या काळात किती अवघड होतं ते आज लक्षात येत नाही. बोलीत लिहिणं म्हणजे अडाणीपणा, असं शाळेने शिकवलेल्या पिढीतला तो माणूस. स्वतःची सगळी काव्यदृष्टी वापरून त्याने ओळखलं की इथे आपली काव्यदृष्टी लावायची नाही. आज सोपानदेव म्हटलं की लोक विचारतात, ‘बहिणाबाईंचे चिरंजीव ना?’ जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू मांडलेल्या आहेत. मी तिथे गेलो की लोक जात्यापुढे थांबतात आणि मी ती वही कशी असेल याचा विचार करत राहतो.

धुळ्याकडे परत येतो. खानदेश म्हटलं की लोकांना केळी, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि ऊन एवढंच आठवतं. आमचीही त्याला हरकत नसते. भरिताचा विषय निघाला की आम्हीच पुढे असतो. पण धुळ्यासारख्या व्यापारी गावात, पांझरेच्या काठी, जुने कागद जपणाऱ्या दोन संस्था शंभर वर्षांच्या आगेमागे उभ्या राहिल्या, याची मात्र गावातल्याच कित्येकांना गंधवार्ता नाही.

पहिली समर्थ वाग्देवता मंदिर. ती उभी राहिली शंकर श्रीकृष्ण देव यांच्यामुळे. नानासाहेब देव पेशाने वकील. धुळ्यात वकिली चालवायची आणि उरलेला जन्म रामदासी मठ धुंडाळत फिरायचं. मठ कधीच कुणाच्या वाटेवर नसतात. बैलगाडी, घोडं, पायपीट. पडवीत उंदरांनी कुरतडलेल्या पोथ्या मागायच्या, मठपतीची मनधरणी करायची, मिळालं तर आणायचं, नाही मिळालं तर तिथे बसून नक्कल करून घ्यायची. डोमगावच्या मठातली दासबोधाची प्रत कल्याणस्वामींच्या हातची. ती प्रमाण धरून त्यांनी दासबोध छापून काढला. कल्याण हा समर्थांचा लेखनिक. समर्थ सांगत आणि तो लिही. म्हणजे लिहून घेणाऱ्याने लिहिलेलं, दुसऱ्या एका लिहून घेणाऱ्याने अडीचशे वर्षांनी शोधून काढलं. आणि याच वाग्देवता मंदिरात समर्थांच्या हातचं म्हणून एक वाल्मीकी रामायण जपलेलं आहे. टाकळीला तपश्चर्येच्या वर्षांत त्यांनी ते उतरवलं असं परंपरा सांगते. ज्याला पुढे स्वतःचं एवढं म्हणायचं होतं, त्याने आधी दुसऱ्याचे चोवीस हजार श्लोक अक्षर अक्षर उतरवले. मनाच्या श्लोकांतला ठेका मला त्या नकलेत सापडेल असं उगाच वाटत राहतं. पुरावा विचाराल तर काही नाही.

दुसरी संस्था राजवाडे संशोधन मंडळ. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणावा लागत नाही, कारण ते स्वतःच कुणासाठी खाली आणत नसत. तरुणपणी बायको गेली, पुन्हा लग्न केलं नाही. स्वतः रांधून खायचे. मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, तुळशीवृंदावनाशेजारच्या पेट्यांतून गोळा करत भटकायचे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड निघाला, पुढे ते बावीस झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणाऱ्यांतले ते एक, आणि काही वर्षांनी भांडून तिथून बाहेर पडणारेही तेच. मग धुळं. ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच गेले. आणि पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावाने मंडळ उभं केलं.

राजवाडे इथे मुद्दाम आणले, कारण ते माझ्या सगळ्या गोड कल्पनांना सुरुंग लावतात. आयुष्य मोठ्या गोष्टीला दिलं की माणूस निवळतो, मऊ होतो, प्रसन्न होतो, असा एक समज आहे. हल्ली तर व्याख्यानांतून, पुस्तकांतून तो औषधासारखा विकला जातो: ध्येय शोधा, बरं वाटेल. राजवाड्यांना बरं वाटत होतं का, मला माहीत नाही; त्यांच्या आजूबाजूच्यांना अनेकदा वाटत नव्हतं, एवढं नक्की. तापट, हेकट, कुणाचं न ऐकणारे. काही निष्कर्ष तर असे की पुढच्या संशोधकांनी हात जोडून बाजूला ठेवले. पण कागद? कागद आजही लागतात. त्यांच्याशी भांडलेल्यांनाही लागले. त्यांचा मोठा धातुकोश त्यांच्या हयातीत छापून झाला नाही. हस्तलिखितं मागे राहिली, आणि धुळ्याच्या मंडळाने १९३७ साली तो छापला. संपादन कृ. पां. कुलकर्णी यांनी केलं. हेच कुलकर्णी १९५२ च्या अमळनेरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. एका फटकळ माणसाने अर्धवट सोडलेलं काम दुसऱ्या शांत माणसाने बसून मार्गी लावलं. कामाला माणसाचा स्वभाव लागत नाही, त्याचे तास लागतात.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी थोडा थांबलो, कारण पुढे साने गुरुजींबद्दल लिहायचं राहिलं आहे आणि ते सोपं नाही.

गुरुजींनी आयुष्यभर स्वतःपलीकडचं काहीतरी उचललं. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मंडप सजवायला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आलेले. त्यासाठी गावोगाव फिरणाऱ्यांत गुरुजी होते. अमळनेरहून त्यांनी ‘काँग्रेस’ साप्ताहिक चालवलं, खानदेशातल्या शेतकरी-कामगारांची बाजू घेतली. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवसांचं उपोषण केलं आणि देऊळ उघडलं. १९४८ च्या १५ ऑगस्टला ‘साधना’ सुरू केलं. आणि ११ जून १९५० ला स्वतःच्या हाताने आयुष्य संपवलं.

शाळेत हे आम्हाला कुणी धड सांगितलं नाही. ‘गुरुजी गेले’ एवढंच. मोठेपणी कळलं तेव्हा मला राग आला होता, सांगितलं नाही याचा. ध्येयाने माणूस तरतो असं ज्यांना म्हणायचं असतं, त्यांना ही तारीख अडचणीची वाटते, म्हणून ते ती गाळतात. मला ती गाळावीशी वाटत नाही. ज्याने वसतिगृहातल्या मुलांच्या काचा पुसल्या, विनोबांचा शब्द न् शब्द जपला, पांडुरंगाला बंद दारातून सोडवलं, त्याच्या आतल्या काळोखाला यातलं काहीच पुरलं नाही. मोठं काम म्हणजे दुःखावरचा उतारा नव्हे. तसा करार कुणी कुणाशी केलेला नसतो. आणि काम पुरलं नाही म्हणून ते खोटंही ठरत नाही. भूदानाच्या पदयात्रेत विनोबा गावोगाव ‘गीता प्रवचने’च्या प्रती विकत, त्यावर सही करून देत. देशातल्या कितीतरी भाषांत ते पुस्तक गेलं. १९५१ नंतर विनोबांनी जिथे जिथे ते हातात ठेवलं, तिथे ते धुळ्याच्या त्या उन्हाळ्यातलं श्रुतलेखन होतं. लिहून घेणारा तोवर जिवंत नव्हता.

आता जरा माझ्या घरातलं. गेली काही वर्षं मी फुईकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतोय. फुई म्हणजे वडिलांची बहीण, ऐंशीच्या पुढची, पारोळ्याकडच्या एका गावात राहणारी. हे काम माझ्या डोक्यातलं नाही. पुण्यात गी पॉइतवाँ आणि हेमा राइरकर यांनी गावोगावच्या बायांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्याबद्दल वाचलं आणि वाटलं, आपल्या घरातलं जातं तेवढं तरी. फुईला खुर्चीवर बसवून ‘म्हण’ म्हटलं तर एक ओवी येत नाही. हात फिरायला लागतो. म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात पडलेलं जातं पुन्हा पुसून मांडलं, त्यात मूठभर ज्वारी घातली. खुंटा हातात आला की तोंड उघडतं.

अहिराणी देवनागरीत नीट बसत नाही, ही पहिली कटकट. फुईच्या तोंडचा एखादा स्वर ‘अ’ आणि ‘ऑ’च्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो आणि माझी लेखणी हवेत. भाचा मोबाइलवर आवाज भरून घेतो, त्यामुळे निसटायची भीती तशी कमी. पण नुसता आवाज पुरत नाही हे आम्हाला लवकरच कळलं. एका ओवीत तिने म्हटलेल्या एका शब्दाचा अर्थ घरात कुणालाच येईना, तिलाही नाही. “सासू आसं म्हने, मी बी म्हनस,” एवढाच तिचा खुलासा. तो शब्द चुकीचा ऐकलेला असेल, झिजलेला असेल, किंवा राजवाड्यांसारख्या कुणाला सापडला असता तर त्यावरून चार पानं लिहून झाली असती. आम्ही तो जसा आला तसा ठेवला. परीक्षेच्या त्या खोलीतली सवय इतक्या वर्षांनी उपयोगी पडतेय.

वहीच्या पहिल्या पानावर फुईचं नाव घालायचं ठरवलं तर तिने नाही म्हटलं. “मन्या नही रे बापू, सासून्या शेतस.” मग सासूचं नाव घालू म्हटलं तर सासूने तरी कुठे रचल्या, तिनेही तिच्या माहेरच्या आजीकडून घेतलेल्या. असं मागे मागे जात आम्ही शेवटी ज्या बाईपर्यंत पोचलो तिचं नावच कुणाला आठवेना. भाच्याने पानाच्या वरच्या ओळीत एक रेघ ओढून ठेवली आहे.

मागच्या पावसाळ्यात फुईच्या शेजारची, तिच्याहून दोनेक वर्षांनी लहान असलेली एक म्हातारी ओसरीवर येऊन बसली. फुई एक ओवी म्हणत होती, ती मध्येच म्हणाली, अशी नाही, शेवटचा चरण वेगळा आहे. दोघींची चांगलीच जुंपली. फुईचं म्हणणं, हिला आधीपासूनच ताल नाही. त्या बाईचं म्हणणं, फुईची सासू भलत्या गावची, तिला इकडची ओवी कुठून माहीत. ज्वारी तशीच राहिली, जातं थांबलं. मी दोन्ही चरण एकाखाली एक लिहिले आणि दोघींना वाचून दाखवले. शेजारीण खूश झाली. फुईने मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मी घरचा असून फितूर झालोय, आणि खालचा चरण खोडून टाक म्हणून ती अजून दर फोनवर सांगते. मी तो खोडलेला नाही.